आधी ऐक, मग उघड

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारतो. खरं खरं उत्तर द्या हं! घरात एखादी वस्तू बिघडली, मिक्सर म्हणा, पंखा म्हणा, मोबाईल म्हणा, की मोठी माणसं सगळ्यांत आधी काय विचारतात?

"काय बिघडलं?" असं विचारतात का? अंहं! "कोणी बिघडवलं?" असं विचारतात. आणि विचारताना त्यांची नजर घरातल्या सगळ्यांत लहान माणसाकडे वळलेली असते. बरोबर ना?

मीही एक मोठा माणूस आहे आणि मीही अगदी तेच केलं. वर मी शिक्षक! म्हणजे माझी चूक दुप्पट मोठी. ती चूक आज तुम्हांला सांगतो. ऐकून हसलात तरी चालेल.

त्याआधी माझ्या बाबांविषयी थोडं सांगायला हवं. आमचं गाव कारंजा. आज ते वाशिम जिल्ह्यात आहे, पण वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. मी शाळेत होतो तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातले. बाजाराच्या गल्लीत बाबांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक बाकडं आणि भिंतभर पोटं उघडी पडलेले रेडिओ! कथील वितळल्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

गिऱ्हाईक रेडिओ घेऊन यायचं आणि सोबत कारणही घेऊन यायचं. "पोरानं पाडला", "सुनेनं बटण जोरात फिरवलं", "शेजारच्यानं नेला होता, तेव्हापासून असा करते". बाबा काही बोलायचे नाहीत. ते रेडिओ चालू करायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. सारखा 'घूंऽऽ' असा आवाज आला तर कंडेन्सर. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली तर त्यात धूळ. काटा फिरतो पण स्टेशन बदलत नाही, तर डायलचा दोरा सुटलेला. बहुतेक वेळा पोरानं, सुनेनं किंवा शेजाऱ्यानं काहीच केलेलं नसायचं!

मी दुकानात बसून मध्येच पेचकस उचलला की बाबा म्हणायचे, "आधी ऐक, मग उघड."

हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. आणि ऐन वेळी विसरलो!

आता २०२४ सालात या. आमच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे, दुसऱ्याकडून विकत घेतलेला. तो इतका हळू चालायचा की सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मग एप्रिलच्या सुटीत मी एका मित्राच्या मदतीनं त्यात लिनक्स घातलं.

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. संगणकाचे सगळे भाग कामाला लावणारी जी मूळ प्रणाली असते, तिचा गाभा म्हणजे लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लायनस टॉरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्यानं तो लिहायला घेतला आणि सगळ्या जगासाठी खुला केला. कोणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. गंमत म्हणजे तुमच्या आईबाबांचा फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे! नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत एकजात सगळे लिनक्सवर चालणारे आहेत. म्हणजे महासंगणकाला चालतं तेच आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपलाही चाललं. लॅपटॉप तरतरीत झाला. आम्ही खूश.

जूनअखेरीस शाळा सुरू व्हायच्या वेळी माझा भाचा आमच्याकडे शिकायला आला. माझ्या ताईचा मुलगा, नववीतला. ताईचं गाव मानोरा तालुक्यात, घरची सोयाबीन-तुरीची शेती. पोरगा अबोल, पण हात मोठा जिज्ञासू. लॅपटॉप पाहिल्यावर त्याचे डोळे लकाकले. रोज दुपारी शाळेतून आला की तो तासभर त्यावर बसायचा. काळा पडदा उघडायचा आणि त्यावर इंग्रजी अक्षरं टिपत राहायचा. मला ते काही कळायचं नाही. जे कळत नाही त्याची मोठ्या माणसांना थोडी भीती वाटते, बरं का! फक्त ते कबूल करत नाहीत.

ऑगस्टमधली एक रात्र. शाळेची माहिती त्या रात्री बारापर्यंत इंटरनेटवर भरायची होती. निम्मी भरून झाली. जेवायला हाक आली म्हणून मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून उठलो. आम्ही सगळे जेवलो. परत येऊन बघतो तर इंटरनेट गायब! नुसतं इंटरनेट नव्हे, वायफायचं चिन्हच गायब. पडद्यावर संदेश होता, वायफाय अडॅप्टर सापडला नाही. म्हणजे लॅपटॉपच्या पोटातलं वायफायचं कार्डच जणू कोणी काढून नेलं होतं.

लॅपटॉप बंद करून चालू केला. नाही. पुन्हा केला. नाही. घड्याळात साडेनऊ.

आणि मी ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो.

"दुपारी तूच बसला होतास ना यावर? काय केलंस त्या काळ्या पडद्यावर?"

भाचा दाराशी उभा होता. म्हणाला, "मामा, मी काहीच नाही केलं."

"मग काय भुतानं केलं? उद्यापासून लॅपटॉपला हात लावायचा नाही!"

तो काही बोलला नाही. आपली वही घेऊन आतल्या खोलीत गेला. मी पावसात भिजत मित्राच्या घरी गेलो आणि उरलेली माहिती तिथे भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप सुरू केला तर वायफाय आपोआप आलेलं! मला वाटलं, पोरानं गुपचूप काढलं असेल आणि गुपचूप बसवलं असेल. बघा, एकदा संशय घेतला की माणूस कसा विचार करतो!

दहा दिवस गेले. भाचा शाळेत जायचा, अभ्यास करायचा, ताट धुऊन ठेवायचा. लॅपटॉपकडे बघायचासुद्धा नाही. एक दिवस तुमची मामी, म्हणजे माझी पत्नी, मला म्हणाली, "तुम्हांला माहीत आहे का, काल तो फोनवर आईला विचारत होता, गावच्या शाळेत परत नाव घालता येईल का म्हणून."

माझ्या पोटात कालवलं. पण तरीही मी काही केलं नाही. मोठ्या माणसांना 'चुकलो' म्हणायला फार वेळ लागतो.

मग आला पोळा. २ सप्टेंबर. आपल्या वऱ्हाडात पोळ्याचं महत्त्व काय सांगावं! भाचा दोन दिवस आधीच गावी गेला होता, बैल सजवायला. पोळ्याच्या संध्याकाळी मी प्रश्नपत्रिका तयार करत बसलो होतो. वाजंत्री ऐकू आली म्हणून बैल बघायला बाहेर गेलो. अर्ध्या तासानं परत आलो, तर वायफाय गायब!

मी खुर्चीवर मटकन बसलो. भाचा तर गावी. मग आता कोणाला ओरडू?

लाज सोडून त्याला फोन लावला. पलीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी एवढंच म्हणालो, "तो लॅपटॉप पुन्हा तसंच करतो आहे रे."

क्षणभर शांतता. मग एकदम त्याचा आवाज, "मामा, त्याले बंद नका करू! बंद केलं की आता जे सांगून राहिला ते अर्धं विसरते. आंधी तो काय म्हणते ते पाहू."

आधी तो काय म्हणतो ते पाहू! मुलांनो, माझ्या अंगावर काटा आला. माझ्या बाबांना या पोरानं नीट पाहिलंही नव्हतं. आणि बोलला तो बाबांचंच वाक्य.

नेटवर्कसाठी तो धुऱ्यावर जाऊन उभा राहिला आणि मला एकेक अक्षर सांगू लागला. आधी 'सुडो', मग एक जागा सोडायची, मग डी, एम, ई, एस, जी. या आज्ञेला 'डीमेसेज' म्हणतात. लिनक्सचा गाभा चालू झाल्यापासून जे जे घडतं ते तो लिहून ठेवतो, आणि ही आज्ञा दिली की ती नोंद पडद्यावर येते. पडद्यावर ओळीच ओळी धावल्या. "शेवटच्या ओळी वाचा मामा." मी वाचल्या. मराठीत सांगायचं तर अर्थ असा होता : वायरलेस कार्डाचं फर्मवेअर कोसळलं. हार्डवेअर पुन्हा सुरू करत आहे. कार्डाकडून उत्तर नाही.

आता हे फर्मवेअर म्हणजे काय? वायफायचं कार्ड असतं छोटंसं, बहुतेक लॅपटॉपमध्ये २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, पोस्टाच्या तिकिटाएवढं. पण ते नुसतं पत्र्याचं तिकीट नसतं. त्यावर त्याचा स्वतःचा एक चिमुकला प्रोसेसर असतो. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात आणखी एक बारका संगणक! त्या बारक्या संगणकाला चालवणारा जो कार्यक्रम, तो फर्मवेअर. लॅपटॉप सुरू होताना लिनक्समधला 'ड्रायव्हर' नावाचा भाग तो कार्यक्रम कार्डाच्या हाती देतो आणि म्हणतो, जा बाबा, कामाला लाग. हा बारका संगणकही कधी कधी अडकतो, कोसळतो. तसं झालं की ड्रायव्हर त्याला हलवून उठवायचा प्रयत्न करतो. बहुतेक वेळा तो उठतो आणि आपल्याला कळतही नाही. कधी कधी मात्र काही केल्या उठत नाही. मग लॅपटॉपला वाटतं, कार्डच नाही!

भाचा म्हणाला, "आता जुनी नोंद पाहू." आणखी एक आज्ञा सांगितली, 'जर्नलसीटीएल'. मागच्या दिवसांच्या, महिन्यांच्या नोंदी तिच्यात सापडतात, तारीख आणि वेळेसकट.

मी एकेक नोंद कागदावर उतरवली. एकूण १४ वेळा फर्मवेअर कोसळलं होतं. त्यांपैकी ११ वेळा ते काही सेकंदांत आपोआप उठलं होतं. आता नीट ऐका. पहिली नोंद होती १९ मेची.

मे! भाचा आमच्याकडे आला जूनअखेरीस. बिघाड त्याच्या आधीपासून घरात होता.

आणि त्या ओरडण्याच्या रात्रीची नोंद? रात्री ८ वाजून ४७ मिनिटं. त्या वेळी आम्ही सगळे जेवत होतो. भाचा माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या ताटात भाकरी मीच वाढली होती.

फोन चालू होता. मला बोलता येईना. तो म्हणाला, "मामा, ऐकून राहिले ना?"

मी म्हणालो, "हो रे. पहिल्यांदाच ऐकतो आहे."

पोळ्यानंतर तो परत आला. त्या रात्री सगळे जेवायला बसल्यावर मी म्हणालो, "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. माझं चुकलं." सगळ्यांसमोर ओरडलो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच म्हणालो. तो मान खाली घालून भात कालवत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, पण ते कोसळते काहून, हे अजून समजलं नाही."

म्हणजे झालं! आम्ही दोघं मिळून शोधाला लागलो. भाच्यानं एक जाडी वही केली. पहिल्या पानावर दोन नियम लिहिले. एक : एका वेळी एकच बदल करायचा. दोन : प्रत्येक बदल वेळेसकट वहीत लिहायचा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर कशानं गेला हे कसं कळणार? खरं ना?

मग आम्ही एकेका संशयिताला बोलावलं.

पहिला संशयित, भिंतीवरचा राऊटर. लॅपटॉपचं वायफाय गेलं तेव्हा त्याच राऊटरवर मामीचा फोन छान चालत होता. राऊटर सुटला.

दुसरा संशयित, वायफाय बंद करायचं बटण. चुकून दाबलं गेलं असेल तर? त्यासाठी 'आरएफकिल' ही आज्ञा आहे. वायफाय बटणानं किंवा सेटिंगमधून अडवलं आहे का, ते ती सांगते. दोन्हीकडे 'नाही' असं उत्तर आलं. तोही सुटला.

तिसरा संशयित, उष्णता. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्ही जाणताच! पण नोंदी तर ऑगस्टच्या पावसाळी रात्रींच्याही होत्या. शिवाय लॅपटॉपवर काम चालू असताना, तो तापलेला असताना, एकदाही बिघाड झाला नव्हता. उष्णताही सुटली.

चौथा संशयित, सैल झालेलं कार्ड. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं आणि बॅटरीची जोडणी सोडवली. (हे मोठ्यांशिवाय करायचं नाही हं!) ते तिकिटाएवढं कार्ड दिसलं. त्याला दोन बारीक तारा होत्या, एक काळी, एक पांढरी. त्या वर पडद्याच्या चौकटीत जातात. ते वायफायचे अँटेना. कार्ड काढलं, कोरड्या मऊ कापडानं पुसलं, पुन्हा घट्ट बसवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोसळलं! कार्डाची खाचही निर्दोष.

पाचवा संशयित, लिनक्सची नवी आवृत्ती. नवी आवृत्ती बसवली तरी सहसा जुनी शिल्लक ठेवलेली असते, आणि सुरू होतानाच्या यादीतून ती निवडता येते. जुनी निवडली. तिच्यातही तेच.

आता आमची पंचाईत झाली. भाचा वही घेऊन बसला. त्यानं चौदाच्या चौदा नोंदींपुढे आम्ही त्या वेळी काय करत होतो ते आठवून आठवून लिहिलं. जेवण. देवळात. दुपारची झोप. बैल बघायला. मग तो एकदम म्हणाला, "मामा, हे कार्ड काम करताना नाही मरत. रिकामं बसलं की मरते!"

रिकामं बसल्यावर कार्ड काय करतं, ठाऊक आहे? ते झोपतं! वीज वाचवण्यासाठी ते डुलक्या घेतं. राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक हाक देत असतो, 'मी इथे आहे, कोणासाठी निरोप आहे का, बघा.' कार्ड दोन हाकांच्या मध्ये डुलकी घेतं, हाकेच्या वेळी जागं होतं, आपला निरोप नसला की पुन्हा डुलकी.

हे मी समजावून सांगितलं तेव्हा भाचा खो खो हसायला लागला. म्हणाला, "हे तर जागलीसारखं झालं!" शेतकऱ्यांच्या मुलांना जागल माहीत असते. रात्री रानडुकरांपासून पीक राखायला माणूस मचाणावर बसतो. तो मधूनच डुलकी घेतो, मधूनच उठून हाळी देतो. भाचा म्हणाला, "आपल्या कार्डाचा जागल्या झोपला की उठतच नाही!"

मग सहावा संशयित हजर, वीजबचत. 'आयडब्ल्यू' नावाची आज्ञा आहे. तिच्याकडून कार्डाला सांगितलं, झोपायचं नाही. एक दिवस गेला. दोन. चार. सात दिवस! एकदाही कोसळलं नाही. मी पेढे आणायला निघालो.

भाचा म्हणाला, "थांबा मामा. झोप पुन्हा चालू करून पाहू."

"अरे, चांगलं चाललंय ना!"

"नुसता योगायोग असला तं?"

बघा मुलांनो, शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण! झोप पुन्हा चालू केली. दुसऱ्याच रात्री फर्मवेअर कोसळलं. पुन्हा झोप बंद केली, पुन्हा शांत. आता गुन्हा सिद्ध झाला. मग ते कायमचं करण्यासाठी लिनक्सच्या एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली, 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह बरोबर २'. दोन म्हणजे 'बंद' आणि तीन म्हणजे 'चालू'. आहे की नाही गंमत? आमच्या वहीत ही ओळ लाल शाईनं लिहिलेली आहे.

आणि समजा, कार्ड पूर्णच गायब झालं तर? त्याचाही उपाय वहीत आहे. आधी 'मोडप्रोब' या आज्ञेनं ड्रायव्हर काढून पुन्हा बसवायचा. तेवढ्यानं नाहीच उठलं, तर लॅपटॉप नुसता 'रीस्टार्ट' करून भागत नाही, कारण त्यात कार्डाची वीज पूर्ण जातेच असं नाही. पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग सुरू करायचा. त्या ऑगस्टच्या रात्री मी दोनदा 'रीस्टार्ट' केलं तरी वायफाय आलं नाही, आणि रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी आलं, ते यामुळे. पोरानं गुपचूप काही काढलं-बसवलं नव्हतं!

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. आम्ही हा रोग बरा केला नाही. आम्ही पथ्य सांभाळलं. लिनक्सचा गाभा सगळ्यांना वाचता येतो, पण बहुतेक वायफाय कार्डांचं फर्मवेअर बंद डबीसारखं असतं. ते बनवणाऱ्यांनाच उघडता येतं. खरी चूक त्या डबीत आहे. पुढेमागे त्यांनी सुधारलेली डबी दिली तर कार्ड झोपेल आणि वेळेवर उठेलही. तोवर आमची बॅटरी थोडी लवकर संपते. चालायचंच!

एका रविवारी मी भाच्याला खैराटची गोष्ट सांगितली. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट नावाचं छोटं गाव आहे. २००७ साली तिथल्या शाळेतल्या मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे चिमुकले लॅपटॉप मिळाले. 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जगभरच्या उपक्रमातला भारतातला तो पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपांतही लिनक्सच होतं! त्यांना सशासारखे दोन कान होते आणि ते कान म्हणजेच वायफायचे अँटेना. कान उभे केले की लॅपटॉप एकमेकांशी थेट बोलायचे. त्यांच्या वायरलेस चिपलाही स्वतःचा प्रोसेसर होता. मुख्य प्रोसेसर झोपला तरी चिप जागी राहून शेजारच्या लॅपटॉपचे निरोप पुढे पोचवू शकायची.

भाचा म्हणाला, "म्हणजे त्यांचा मालक झोपलेला अन् जागल्या जागा. आपलं उलटं!"

त्या रात्री मी माळ्यावरून बाबांचा जुना रेडिओ काढला. याच रेडिओवर आम्ही आकाशवाणीचं नागपूर केंद्र ऐकायचो, ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे ५१२.८ मीटरची लाट. आमच्या वायफायची लाट मोजली तर साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, जेमतेम अर्धी वीत. एक लाट अर्ध्या किलोमीटरची, एक अर्ध्या विटीची, पण दोघी सख्ख्या बहिणी! दोघीही बिनतारी. भाच्यानं रेडिओ लावला. घूंऽऽ असा आवाज आला. मी पेचकस शोधायला उठलो, तर तो डोळे मिटून ऐकत बसलेला.

"कंडेन्सर असते का मामा?" त्यानं विचारलं.

मी पेचकस खाली ठेवला.

मुलांनो, तुमच्या घरी काही बिघडलं आणि आळ तुमच्यावर आला, तर रडू नका, चिडूही नका. एक वही काढा. काय झालं, किती वाजता झालं, त्याआधी काय चालू होतं, ते लिहा. आणि तुमच्याच हातून खरोखर काही मोडलं असेल, तर तेही तिच्यात लिहा बरं का! वहीत लबाडी केली तर ती वही कशाच्याच कामाची नाही.

आणि आईबाबांनो, तुम्हीही हे पान वाचता हे मला ठाऊक आहे. 'कोणी केलं?' हा शब्द तोंडावर आला की क्षणभर थांबा. यंत्र दुरुस्त होतं. कार्ड फार तर नवीन आणता येतं. पण आमच्या पोरानं आईला फोनवर विचारलं होतं, गावच्या शाळेत परत नाव घालता येईल का. ते आठवलं की मला अजून झोप लागत नाही.

तो आता दहावीत आहे. आमच्याकडेच आहे. वहीची शेवटची पानं भरत आली आहेत. परवा मामीचा मिक्सर अचानक बंद पडला, तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, कोणी..." आणि मध्येच थांबून म्हणाली, "वही आण रे!"